हलक्या गाडीचं रबर

२०२३ च्या मार्चमधली सकाळ. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं कॅसल कूम सर्किट. पारा पाच-सहा अंशांवर. दुसऱ्याच फेरीत 'क्वॉरी' नावाच्या उजव्या वळणावर मी ब्रेक सोडत स्टीअरिंग वळवलं आणि गाडीचा मागचा भाग माझ्या पुढे जायला निघाला. पुढच्या दोन सेकंदांत मला झाडं, ट्रॅक, कुंपण आणि परत झाडं दिसली. गाडी गवतात उलट्या तोंडानं थांबली. मला काही झालं नाही, गाडीलाही नाही. मार्शलनं झेंडा दाखवला, मी मान खाली घालून परत पिटमध्ये आलो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपलीच गाडी आणायची, सकाळी नियम ऐकायचे आणि दिवसभर बंद सर्किटवर मोकळेपणानं चालवायची. वेळ मोजत नाहीत, बक्षीस नसतं. माझी गाडी म्हणजे ऑफिसातल्या आम्ही तिघांनी मिळून घेतलेली जुनी केटरहॅम सेव्हन. दार नाही, छप्पर नसल्यातच जमा, वजन साधारण ५५० किलो. आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही हलकी.

आणि टायर? ते मी स्वतः निवडले होते. सॉफ्टवेअरवाला माणूस जसा निवडतो तसे: तक्ता करून. रबर जितकं मऊ तितकी पकड जास्त, मऊपणाचा एक आकडा साइडवॉलवर लिहिलेला असतो, सगळ्यात लहान आकडा शोधा, संपलं. नवे परवडत नव्हते म्हणून वापरलेले घेतले. नक्षी छान शिल्लक होती.

शेजारच्या जागेत एक म्हातारे गृहस्थ आपल्या छोट्या गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते. ते उठून आले, वाकले आणि हाताचा पालथा भाग माझ्या मागच्या टायरला लावला. लहान मुलाचा ताप बघावा तसा. "अजून गारच आहे," एवढंच म्हणाले. मग खिशातून पांढरा खडू काढून माझ्या हातात दिला.

खडू बघून मला एकदम बाबा आठवले.

कराडचा खडू

बाबांचं कराडला महामार्गालगत टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. गोटा झालेले टायर यायचे. ट्रकचे, एसटीच्या निवृत्त गाड्यांचे, हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॉलींचे. बाबा प्रत्येक टायर दिव्याखाली फिरवून आतून-बाहेरून बघायचे आणि जिथे तार उघडी पडलीय, जिथे फुगा आहे, तिथे खडूनं गोल काढायचे. जास्त गोल झाले की टायर परत. कमी असतील तर घासून, नवं रबर चढवून, साच्यात शिजवून तो पुन्हा रस्त्यावर. जळक्या रबराचा तो वास माझ्या शाळेच्या गणवेशालाही असायचा.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गाडी फिरल्याचं सांगितलं. आई मागून ओरडत होती, बाबा मात्र म्हणाले, "टायरची बाजू दाखव." मी कॅमेरा साइडवॉलवर नेला. "खाली, अजून खाली. ते चार आकडे वाच."

३७१५. म्हणजे २०१५ सालचा सदतिसावा आठवडा. टायर साडेसात वर्षांचा होता. ट्रॅकवर कितीदा तापला, कितीदा गार झाला कोणास ठाऊक. प्रत्येक वेळी तापून गार होताना असं रबर थोडं थोडं कडक होत जातं. वर नक्षी शाबूत, आत जीव नाही.

"नक्षी बघून टायर घेतलास?" बाबा म्हणाले. "माझ्या पोरानं?"

तो आकडा, ज्याच्या जोरावर मी तक्ता केला होता, त्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकी सरकारनं १९७० च्या दशकाअखेरीस ग्राहकांसाठी टायरची प्रतवारी सुरू केली. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवती सार्वजनिक रस्त्यांचा साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपासचा एक फेरा ठरवला. गाड्यांचा तांडा त्यावरून एकूण ७,२०० मैल फिरवायचा, टायर किती झिजले ते मोजायचं आणि एका प्रमाण टायरशी तुलना करायची. प्रमाण टायर म्हणजे १००. तुमचा टायर दुप्पट टिकणार असेल तर २००. घरगुती गाडीच्या टायरवर ३०० ते ५०० असे आकडे सर्रास दिसतात.

हेतू सरळ होता: गिऱ्हाइकाला जास्त टिकणारा टायर ओळखता यावा. ट्रॅकवाल्यांनी तोच आकडा उलटा वाचायला सुरुवात केली. लवकर झिजतो ना? मग मऊ असणार. मग चिकटणार. ट्रॅकसाठी बनवलेल्या, तरीही रस्त्यावर कायदेशीर असलेल्या टायरांवर ४०, ६०, ८०, १०० असे आकडे असतात. माझ्यावर ८० होता. पण हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. तो झिजण्याबद्दल बोलतो, पकडीबद्दल नाही. आणि ती पकड किती अंशांवर मिळेल, किती वजनाखाली मिळेल, याबद्दल तर अवाक्षरही नाही.

बाबांनी आयुष्यभर टायरांचं आयुष्य वाढवलं. मी लवकरात लवकर मरणारा टायर शोधत होतो आणि तोही मला नीट शोधता आला नव्हता. त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो.

इंडिया रबर

कॅसल कूमपासून वीसेक किलोमीटरवर मेल्कशॅम नावाचं गाव आहे. मधून एव्हन नदी जाते. या नदीकाठी १८८५ च्या सुमारास सुरू झालेली एक रबर कंपनी काही वर्षांतच मेल्कशॅमला आली. तिचं नाव 'एव्हन इंडिया रबर कंपनी'. मला वाटलं, अरे वा, आपलं काहीतरी. तसं काही नव्हतं. ते रबर तेव्हा ब्राझीलच्या जंगलातून यायचं. 'इंडिया रबर' हे इंग्रजीतलं जुनं नाव. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञानं पेन्सिलचं लिखाण पुसायला हा पदार्थ चांगला असल्याची नोंद केली होती. इंग्रजीत घासणं म्हणजे 'रब', त्यावरून 'रबर'. आपण मराठीत खोडरबर म्हणतो, म्हणजे घासणं दोनदा.

कच्चं रबर उन्हात वितळायचं, थंडीत तडकायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइअर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉक यांनी १८४० च्या आसपास ते गंधकाबरोबर तापवून पक्कं करण्याची रीत काढली. व्हल्कनायझेशन. कराडच्या दुकानातला साचा तेच करायचा. हवेचा टायर रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्ये पेटंट केला, तो विसरला गेला. मग १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलपनी मुलाच्या तीनचाकीसाठी तो परत शोधला. थॉमसनचं जुनं पेटंट सापडल्यावर डनलपचं पेटंट रद्द झालं, पण नाव त्यांचंच राहिलं.

इथपर्यंतचा इतिहास टिकण्याचाच आहे. तापला तर वितळू नये, दगड लागला तर फाटू नये, पैसे वसूल व्हावेत. पकड हा वेगळा प्रश्न आहे, हे कळायला अजून पन्नास-साठ वर्षं जायची होती.

विमानतळावरच्या शर्यती

ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यतींना मनाई होती. १९०७ साली बांधलेलं ब्रुकलंड्सचं सर्किट दुसऱ्या महायुद्धात विमान कारखान्यांनी व्यापलं आणि नंतर शर्यतींसाठी उघडलंच नाही. पण युद्ध संपल्यावर देशभर ओसाड लष्करी धावपट्ट्या पडल्या होत्या. त्यांच्या कडेच्या रस्त्यांची सर्किटं झाली. सिल्व्हरस्टोन १९४८, कॅसल कूम १९५०. सपाट, उघडी, वाऱ्याची, ओबडधोबड डांबराची. आजही कॅसल कूमला क्वॉरीच्या आधी 'एव्हन राइज' नावाचा उंचवटा लागतो. गाडी तिथे वजनानं हलकी होते आणि नेमका तिथेच ब्रेक मारायचा असतो.

याच काळात लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा तरुण बांधकामातल्या संरचनांचं अभियांत्रिकी शिकत होता. पूल आणि छतं शिकणाऱ्याला एक सवय लागते: हा लोखंडी दांडा नक्की काय काम करतो, आणि काढला तर काय होईल? १९४८ मध्ये त्यानं जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली गाडी बांधली. १९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे छोटं इंजिन. सुटे भाग घरी नेऊन जोडले तर विक्रीकर वाचायचा, म्हणून ती खोक्यांत विकली जायची. १९७३ मध्ये लोटसनं तिचे हक्क आपल्याच विक्रेत्याला, केटरहॅमला, दिले. तीच गाडी थोड्याफार फरकानं आजही बनते.

वजन कमी केलं की गाडी पळते लवकर आणि थांबतेही लवकर, हे कुणालाही समजतं. वळणाची गोष्ट मात्र लगेच लक्षात येत नाही. शाळेत आपण शिकलो की घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं. मग जड गाडीला बाहेर फेकणारं बळ जास्त आणि पकडही तितकीच जास्त. हिशेब सारखाच सुटायला हवा, हलकेपणाचा वळणावर फायदा शून्य. रबर मात्र शाळेचा नियम पाळत नाही. टायरवरचं वजन दुप्पट केलं तर पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी. म्हणून हलकी गाडी प्रत्येक किलोमागे जास्त पकड मिळवते. चॅपमनच्या गाड्या मोठ्या इंजिनवाल्यांना वळणावर गाठायच्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण हाच नियम उलटूनही अंगावर येतो. टायरचं रबर आणि त्याखालचा सांगाडा विशिष्ट वजनासाठी बनवलेला असतो. दीड टनाच्या गाडीसाठी बनवलेला टायर सव्वापाचशे किलोच्या गाडीला लावला तर तो पुरेसा दबतच नाही. दबला नाही तर तापत नाही. तापला नाही तर काय होतं, ते मी क्वॉरीवर पाहिलं होतं.

मेलेला चेंडू

रबर चिकटतं का? दोन रबरी चेंडू घ्या. एक टणाटण उडणारा, दुसरा टप्पा पडला की जागीच बसणारा. पहिला घेतलेली ऊर्जा परत देतो, दुसरा ती आतच गिळून उष्णता करतो. रस्त्याचा खडा टायरमध्ये घुसतो तेव्हा रबर दबतं आणि खडा पुढे सरकल्यावर परत वर येतं. उड्या मारणारं रबर खड्याला मागून तितक्याच जोरानं ढकलतं, त्यामुळे अडवणूक शिल्लक राहत नाही. मेलेल्या चेंडूचं रबर मात्र सावकाश वर येतं. खड्याच्या पुढे दाब, मागे काही नाही. ही तफावत म्हणजेच पकडीचा एक मोठा हिस्सा. उरलेला हिस्सा रबर आणि दगड यांच्या प्रत्यक्ष चिकटण्याचा. तो ओल्या रस्त्यावर खूपच कमी होतो.

केंब्रिजमध्ये ग्रीनवुड आणि डेव्हिड टेबर यांनी १९५८ मध्ये हेच दाखवलं. वंगण लावलेल्या रबरावरून कठीण गोळा सरकवला तर अडवणूक येते ती रबराच्या आतल्या ऊर्जेच्या नाशातून. यावरून टेबरनी सुचवलं की ओल्या रस्त्यासाठी टायरचं वरचं रबर मुद्दाम 'मेलेलं' करावं. १९६३ मध्ये कार्ल ग्रॉशनी आणखी एक पाऊल टाकलं. रबराची पकड वेगावर आणि तापमानावर अवलंबून असते आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या बदल्यात येतात, हे त्यांनी प्रयोगानं मांडलं. एका तापमानाला एका रबराची पकड शिखरावर असते. त्याच्या अलीकडे रबर काचेसारखं होत जातं, पलीकडे फार मवाळ होतं.

मी शोधत होतो ते उत्तर इथे होतं. 'सगळ्यात चिकट टायर' असा काही नसतोच. अमुक तापमानाला चिकट, असाच असतो. शर्यतीच्या रबराचं शिखर साधारण ऐंशी अंशांच्या पुढे बसवलेलं असतं. जड, ताकदवान गाडी दोन फेऱ्यांत तिथे पोचते. माझी सेव्हन मार्चच्या सकाळी तिथे दिवसभरात पोचली नसती. आणि ज्या तापमानात ती फिरत होती, तिथे साधा चांगला रस्त्याचा टायर माझ्या महागड्या ८० आकड्यापेक्षा जास्त धरून राहिला असता.

याची किंमतही कळली. मेलेलं रबर ऊर्जा खातं, म्हणजे डिझेल खातं, आणि लवकर झिजतं. ट्रकच्या टायरला ते परवडत नाही. बाबा रिमोल्डला लावायचे ते रबर टणक, उडतं, टिकाऊ. ते आणि मी एकाच तराजूच्या दोन टोकांना उभे होतो.

रुंदीचा मोह

रबर कळल्यावर शर्यतींचा इतिहास वेगळा दिसायला लागतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनचे टायर अरुंद होते. दशक संपेपर्यंत ते पिंपासारखे रुंद झाले. १९७१ मध्ये फायरस्टोननं तिथे नक्षी नसलेला सपाट स्लिक टायर आणला. मेल्कशॅमच्या एव्हननंही १९८१-८२ मध्ये फॉर्म्युला वनला टायर दिले. प्रेक्षकांनी यातून एकच धडा घेतला: रुंद म्हणजे वेगवान. घरच्या गाड्याही रुंद टायर घालून मिरवायला लागल्या.

हलक्या गाड्यांनी हा मोह कसा हाताळला, याचं उत्तम उदाहरण लोटस एलीझ. १९९६ मध्ये ती विक्रीला आली तेव्हा वजन सव्वासातशे किलोच्या घरात होतं, सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदानं चिकटवून बनवलेला. पुढचे टायर १८५ मिलिमीटर रुंद, मागचे २०५. इंजिन मागे असल्यानं वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग सुटायचा. २००० मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा लोटसनं पुढचा टायर रुंद करायचा सोडून अजून अरुंद केला, १७५. मागचा केला २२५. आता पुढची पकड आधी संपायची, गाडी सरळ जायला बघायची, आणि नवशिका वाचायचा. टायरची रुंदी इथे वेगासाठी वापरलेलीच नाही. गाडीचा स्वभाव घडवायला वापरलीय. त्याच वर्षीच्या, केवळ ३४० बनवलेल्या '३४० आर' साठी मात्र योकोहामाकडून खास ट्रॅकचा टायर करून घेतला. गिऱ्हाईक वेगळं, म्हणून टायर वेगळा.

२०२१ मध्ये केटरहॅमनं '१७०' आणली. तीन सिलिंडरचं ६६० सीसीचं सुझुकी इंजिन, वजन सुमारे ४४० किलो आणि टायर फक्त १५५ रुंद. आपल्याकडच्या लहान हॅचबॅकसारखे. कमी वेगात ती घसरते, हळूहळू घसरते, सांगून घसरते. म्हणूनच ती लोकांना आवडते.

टायरच्या आतल्या धाग्यांचंही असंच आहे. जुन्या क्रॉसप्लाय टायरमध्ये थर तिरपे एकमेकांवर. मिशलँनं १९४६ मध्ये पेटंट केलेल्या रेडिअलमध्ये ते आडवे, सरळ. रेडिअल जास्त टिकतो, जास्त धरतो, पण सुटतो तेव्हा पटकन सुटतो. क्रॉसप्लाय आधीपासून कुरकुरत, सावकाश सुटतो. हलक्या गाड्यांसाठी एव्हन 'एसीबी १०' नावाचा क्रॉसप्लाय रेडिअलच्या जमान्यातही बनवत राहिली, ते याच कारणानं.

खडू, हवा आणि तीन तापमानं

पुढचं वर्ष मी टायर लावायला शिकण्यात घालवलं. जुने काढले. नवे एव्हनचेच घेतले, तेरा इंची, रस्त्यावर चालतील आणि ट्रॅक सहन करतील असे. सगळ्यात चिकट नव्हेत. कमी तापमानाला काम सुरू करणारे, मऊ बाजूंचे. तारीख बघून घेतले, हे सांगायला नको.

हवेपासून सुरुवात केली. आपल्याकडे पंक्चरवाल्याला "तीस ठेव" म्हटलं की काम होतं. सेव्हनमध्ये अठरा. ऐकून बाबा म्हणाले, "सायकलीत जास्त असते." पण हिशेब करून बघा. गाडी आणि मी मिळून ६२० किलो, प्रत्येक चाकावर सरासरी १५५. अठरा पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वा किलो. भागलं की जमिनीला टेकणारी जागा येते सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. टायरच्या बाजूंची ताठरता सोडून हा ढोबळ आकडा, पण लक्षात राहतो: एक पोस्टकार्ड. त्याच टायरात तीस भरली तर पोस्टकार्ड साधारण साठ टक्केच उरतं.

हवा तापली की दाब वाढतो. सकाळी पंधरा अंशांना अठरा भरली आणि आतली हवा पन्नास अंशांवर गेली, तर अकरावीतल्या वायूच्या नियमानं दाब होतो बावीस. म्हणून खरं मोजमाप फेऱ्या मारून आल्यावर लगेच, गरम टायरवर. हव्या त्या गरम आकड्यावर हवा सोडत यायची. जड गाडीत एक पीएसआय म्हणजे तीन टक्के, इथे साडेपाच. त्यामुळे अर्ध्याअर्ध्यानं जायचं. आणि संध्याकाळी रस्त्यावर निघण्याआधी परत भरायची. हे विसरणारे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी बसक्या टायरवर ऑफिसला जातात. मी गेलोय.

मग खडू. टायरच्या कडेवर, नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आडवी जाड रेघ ओढायची आणि चार-पाच फेऱ्या मारायच्या. रेघ कडेपर्यंतच पुसली गेली तर ठीक. बाजूवरही खाली उतरून पुसली गेली तर टायर वळणात आडवा लोळतोय: हवा कमी आहे किंवा चाकाचा तिरपेपणा अपुरा. कडेवरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त, टायर मधल्याच पट्टीवर उभा आहे.

तिसरं तापमान. सुईवाला तापमापक रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजायची. मध्य जास्त तापला तर हवा जास्त. बाहेरची कड फार तापली तर वळणात तिच्यावरच सगळा भार येतोय. मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, थोडं वाढवायचं. आतली कड किंचित गरम असणं बरं असतं. सेव्हनमध्ये पुढचा कॅम्बर पान्यानं बदलतो. मागे डी डिऑन पद्धतीची आडवी नळी दोन्ही चाकांना जवळपास उभं धरून ठेवते, तिथे सहज बदल होत नाही. म्हणून पुढे-मागे वेगळं वागवावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. कोड डीबग करताना आम्ही हेच म्हणतो आणि हेच करत नाही. आणि हे सगळं गाडीत ड्रायव्हर बसवून. सत्तर किलोचा माणूस ट्रकला जाणवत नाही. सेव्हनमध्ये तो एकूण वजनाच्या नवव्या हिश्श्याइतका असतो, तोही एका बाजूला बसलेला.

बंद दरवाजा

याच वर्षात मेल्कशॅमची बातमी आली. एव्हनचा टायर व्यवसाय १९९७ मध्ये कूपर या अमेरिकी कंपनीनं घेतला होता. २०२१ मध्ये कूपरला गुडइअरनं घेतलं. २०२३ मध्ये गुडइअरनं मेल्कशॅममधलं उत्पादन थांबवायचं ठरवलं आणि वर्षाअखेर ते थांबलं. सव्वाशेहून जास्त वर्षांचं रबर. चार्ल्स गुडइअरचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता. तो १८६० मध्ये कर्जात मेला, कंपनी १८९८ मध्ये निघाली, नाव फक्त त्याच्या आठवणीचं. तरी रबर पक्कं करणाऱ्या माणसाचं नाव लावणाऱ्यांनी रबराचं गाव बंद करावं, हे मला खटकलं.

कारणं समजण्यासारखी होती. जुनी इमारत, लहान उत्पादन, जगभर मोठे स्वस्त कारखाने. अडचण अशी की हलक्या गाडीला लागणारे टायर लहान उत्पादनातच परवडतात. तेरा इंची, मऊ बाजूंचा, पाचशे किलोसाठीचा टायर वर्षाला लाखानं खपत नाही. जगातल्या गाड्या दरवर्षी जड होतायत, चाकं मोठी होतायत. मोठा कारखाना त्यांच्यासाठी साचे बनवणार. हलकी गाडी बनवायचं ज्ञान अजून शिल्लक आहे, पण ती ज्या पोस्टकार्डावर उभी असते, ते छापणारे कमी होतायत.

बाबांचं दुकान २०१९ मध्ये बंद झालं. तिथेही एकच कारण नव्हतं. नवे टायर स्वस्त झाले, मोठ्या वाहतूकदारांनी मोठ्या रिट्रेडिंगवाल्यांशी करार केले, आणि मी इंजिनिअर झालो. साचा भंगारात गेला तेव्हा मी पुण्यात कुठल्यातरी डेडलाइनवर होतो. "काय ठेवायचंय का?" असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. मी म्हणालो, नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी परत कॅसल कूमला गेलो, वाकडी वाट करून मेल्कशॅमवरून. कारखान्याच्या दरवाजापाशी दोन मिनिटं थांबलो. बघण्यासारखं काही नव्हतं. कुंपण, विटांच्या भिंती, रिकामं पार्किंग. कसलाही वास नव्हता. रबराच्या कारखान्याला वास नसणं मला फार विचित्र वाटलं.

ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्या मी मुद्दाम हळू मारल्या. एव्हन राइजवर गाडी हलकी झाली, मी ब्रेक मारला, वळलो. क्वॉरीत मागचे टायर थोडे सरकले, कुरकुरले आणि धरून राहिले. पिटमध्ये येऊन खडूच्या रेघांचा फोटो काढला आणि कराडला पाठवला. तिकडे दुपार टळून गेली होती. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"डावा पुढचा लोळतोय. एक पॉइंट वाढव."

उजव्या वळणांच्या सर्किटवर डाव्या पुढच्यावरच सगळ्यात जास्त भार येतो, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी अर्धा पॉइंट वाढवला. पुढच्या फेऱ्यांनंतर रेघ अजून थोडी खालीच होती. मग उरलेला अर्धाही वाढवला.

संध्याकाळी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "असे किती दिवस चालतील ते?"

"असे दहा-बारा दिवस. जपून चालवली तर."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. केसिंग टाकू नकोस. पुढच्या वेळी येशील तेव्हा एक तुकडा कापून आण. बघू तरी आत काय घातलंय त्यांनी."